उर्सुलाबाईवरचा पैरा

न्हाय, पण मी म्हणतो, चूक काय माझी? सांगा की! हसतासा काय नुसतं? आख्खं गाव हसतंय, आजऱ्याच्या स्टँडवरचा पानपट्टीवाला मला बघितलं की चुना लावायचा थांबतोय आन् इचारतोय, ‘काय गुंडूतात्या, आली का जर्मनीची गाडी?’ तवा तुम्ही पावणं माणसं, तुम्ही बी हसून घ्या. पण हसून झालं की सांगायचं, गुंडूनं कुणाचं चोरलं? कुणाला फसवलं? एका बाईच्या रानात राबलो आन् म्हटलं, आता तू माझ्यात ये. बास! ह्येला आमच्यात पैरा म्हणत्यात. आन् पैरा म्हंजे पैरा!

तुम्ही शहरातली दिसतासा, तुमास्नी ठावं नसंल म्हणून सांगतो. भाताची लागण आली की एकट्यादुकट्याचं काम नसतंय ते. तरवा, म्हंजे रोपं ओ, ती काढायची, चिखलात वाकायचं आन् पाठीमागं सरकत सरकत लावत जायाचं. मग आज एक बाई दुसरीच्या रानात, उद्या दुसरी पहिलीच्या, परवा दोघी मिळून तिसरीच्या. मजुरी न्हाय, पैसा न्हाय, सही न्हाय, शिक्का न्हाय. जो राबला त्याच्याकडं राबाय जायाचं. एवढं सोपं हाय! शाळंत गेलं न्हाय तरी कळतंय.

आन् आमची हिराबाई, मंडळी ओ आमची, ती तर पैऱ्याची कोर्टकचेरी! घरातलं मीठ संपल्यालं तिच्या ध्यानात ऱ्हायचं न्हाय, पण कुणाचा दिवस कुणाकडं ऱ्हायलाय ते झोपेतनं उठवून इचारा. बायका भांडाय लागल्या की तिच्याकडं. ‘हिरा, सांग गं, मी हिच्यात आल्ते का न्हवते?’ ‘आल्तीस. पर दुपारनं पोटात दुखतंय म्हणून बांधावर बसल्तीस. अर्धाच धरायचा.’ झाला निकाल! अपील न्हाय!

आन् ही बाई... ऐन लागणीच्या तोंडावर गेली. तापाचं निमित्त. तरवा उभा, चिखल तयार, आन् ही गेली. दिवसकार्य झालं, मी आपला सोप्यात बसल्यालो, रानाचं काय हुतंय ते हुईना का म्हणून. बघतो तर हिराची मैतरीण शालूबाई म्होरं आन् बायकांची रांग तिच्या मागं, माझ्याच रानाकडं. लागण म्हंजे गाणं आलं, चेष्टा आली, एकमेकीच्या सासूचा उद्धार आला. त्या दिशी कुणी तोंड उघडलं न्हाय ओ. मुक्यानं रान लावलं. आन् रांगंत मधोमध एक जागा मोकळी. हिराची. ती तेवढी पट्टी कुणी लावंना. सगळं रान संपल्यावर शालूबाई माघारी गेली आन् एकटीनं ती पट्टी लावली. मी म्हटलं, ‘शालूबाई, आता ह्यो पैरा फेडायचा कुणी?’ पदरानं हात पुसत म्हणाली, ‘तुम्ही नका डोस्कं शिणवू भावजी. वर गेल्यावर हिराकडनंच वसूल करतो की आमी.’

तिचं इरलं तवापासनं खुट्टीला हाय. पाऊस अंगावर येऊ ने म्हणून डोईवर घेत्यात बघा, बांबूच्या कामट्यांचं. आता सगळ्या बायका प्लॅस्टिकची खोळ घेत्यात, हिला मातर इरलंच पायजे. मी कुणाला हात लावू दिला न्हाय त्याला. का न्हाय, ते मला इचारू नका.

तर पोरगं, सम्राट. एकुलतं एक. आधी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत हुतं. हिराबाई म्हणायची, पंचतारांकित हाय म्हंजे जेवाण तरी बरं देत असतील! तवा ऐतवारी घरला यायचं. मग कंपनीनं उचललं आन् जर्मनीला नेऊन ठेवलं. आई गेल्यावर म्हणाय लागलं, ‘आबा, एकटं काय करणार? चला माझ्याकडं थोडं दिवस.’ गेलो. मायेनं बोलावल्यावर न्हाय कसं म्हणायचं? रान दिलं त्या साली शेजाऱ्याला वाट्यानं आन् बसलो इमानात.

तिथं काय, पोरगं सकाळी जातंय ते अंधारूनच येतंय. मी खिडकीत. खाली बिल्डिंगच्या म्होरं गवत. तुमास्नी सांगतो, ते गवत वाढवल्यालं हुतं! मुद्दाम! खत घालून! शेतकऱ्याच्या डोळ्याला ते बघवंल का? खुरपं माझ्या बॅगंत हुतंच. बसलो एक दिस आन् सगळं भांगलून काढलं, चार वाफं केलं, मेथी टाकली. हिराबाई असती तर शाबास म्हणाली असती. संध्याकाळी खालचा म्हातारा लालबुंद होऊन वर आला. पोरगं आलं, डोक्याला हात लावून खालीच बसलं. ‘आबा, काय केलंत हे!’ म्हटलं, ‘मेथी केली.’

मग त्याच ऐतवारी मला गाडीत घातलं. म्हणालं, ‘आबा, तुमच्या हाताला काम पायजे न्हवं? हितं जवळ एक सेंद्रिय शेती हाय. तिथं जगभरातनं लोक येत्यात, ऱ्हायचं, खायचं, राबायचं. वॉलंटियर म्हणत्यात.’ मी इचारलं, ‘मजुरी काय?’ ‘मजुरी नसती आबा.’ ‘पैसं?’ ‘तसलं काय न्हाय.’ म्हटलं, ‘म्हंजे पैरा!’ आन् आता नीट ऐका हं, पोरगं एका हातानं गाडी चालवतंय, एका डोळ्यानं फोन बघतंय, आन् काय म्हणालं? ‘हां आबा... तसलंच समजा.’

तसलंच समजा! समजलो! मग चूक काय माझी?

तर ती उर्सुलाबाई. ताडमाड उंच, पायात गमबूट, माझ्यापेक्षा थोरली, नवरा वारल्याला. पोरगा शहरात, सणाला फोन करतोय. मला हिंडून रान दाखवलं, काळंभोर, हातात घेतलं तर मऊ. आन् सगळं गाजर! मी तिच्याशी मराठीत बोलतोय, ती माझ्याशी जर्मनीत. दोघंबी मोठ्यानं, म्हंजे कळंल म्हणून. पहिल्याच दिशी बांधाला आग्या उगवल्याली दिसली, अंगाला लागली की आग हुती ती ओ, मी उपटाय लागलो तर बाई धावत आली, ‘नाईन! नाईन! गुंडू, नाईन!’ नाईन म्हंजे नको. ती आग्या राखून ठेवत्यात, पिंपात कुजवत्यात आन् रानाला घालत्यात. झाकण उघडलं, वास आला... आहाहा! आमच्या जीवामृताचाच वास! परदेशात पहिल्यांदा मला घरच्यासारखं वाटलं.

आन् भांगलण कशी? सांगितलं तर खोटं वाटंल. ट्रॅक्टरच्या मागं एक लांबलचक फळी, तिच्यावर गाद्या, आन् त्या गादीवर पालथं पडायचं! व्हय, पालथं! तोंड खाली, हात खाली, ट्रॅक्टर मुंगीच्या चालीनं जाणार आन् तुम्ही पडल्या पडल्या गवत उपटणार! मी म्हटलं, मी न्हाय पडणार. आमच्यात रानात माणूस पालथं पडलं की लोक तिरडीच्या बांबूला जात्यात! पर बाई माझ्या आधी पडली, शेजारच्या गादीवर थाप मारून मला म्हणाली, ‘कोम, गुंडू.’ पडलो. इज्जत गेली म्हटलं. पर खरं सांगू? कंबर दुखली न्हाय ओ. आन् लगेच मनात काय आलं? हिरानं जल्मभर वाकून काढलं आन् हितं गाद्या हायेत.

शेजारी एक फ्रान्सची पोरगी पडल्याली असायची. सम्राट आल्यावर इचारलं, ही कशापायी आली बाबा एवढ्या लांब? म्हणाला, ती म्हणती की मी स्वतःला शोधाय आलीया. गाजराच्या रानात! मी बी आपलं तिच्या वाफ्यात मन लावून बघायचो, पर गवताबिगर काय घावलं न्हाय.

आन् पाऊस आला एक दिस. मी भिजतोय बघून बाईनं घरातनं एक रेनकोट आणला. दाराच्या मागं खुट्टीला हुता. नवऱ्याचा. खिशात त्येची तंबाखू ओढायची चिलीम तशीच. बाईनं ती काढली, वाईच हातात धरली, आपल्या खिशात घातली आन् रेनकोट माझ्या अंगावर टाकला. मी मनात म्हटलं, बाई, मला जे जमलं न्हाय ते तू केलंस. बाही माझ्या बोटाच्या खाली लोंबत हुती. पर मी तो रेनकोट ऊन पडलं तरी काढला न्हाय.

मग जायाचा दिस आला. सम्राट न्यायला आला. रेनकोट मी दारामागच्या खुट्टीला परत अडकवला. मी बाईच्या म्होरं उभा ऱ्हायलो आन् रीतसर बोललो, ‘उर्सुलाबाई, मी तुमच्यात राबलो. तुम्ही पाठच्या भावागत ठेवलं. आता पैरा तुमच्यावर. आखाडात आमच्यात लागण असती. पुढल्या साली यायचं. घर रिकामं हाय, कॉट हाय, म्हशीचं दूध हाय, आमच्या बायका चांगल्या हायेत, तुमास्नी मधी घेतील. वाकवलं न्हाय तर बांधावर बसा, पर या. सम्राट, सांग तिला.’ एवढं बोललो. आन् पोरगं काय तरी दोनच शब्द बोललं! मला नवल वाटलं. म्हटलं, लई आवळ, घट्ट भाषा हाय की ह्यांची!

तर बाईनं माझं दोन्ही हात धरलं आन् ती बोलाय लागली. बोलती, थांबती, रानाकडं बोट करती, डोळं पुसती, परत बोलती... चहा गार झाला तरी बोलतीया. मी म्हटलं, ‘काय म्हणत्यात?’ पोरगं म्हणालं, ‘सुखरूप जावा म्हणत्यात.’ मला परत नवल! आत्ता एवढी आवळ भाषा, एवढ्यात सैल कशी झाली?

बरं, मग आलो गावाकडं. सांगितलं सगळ्यास्नी. सांगणारच! माणूस येणार म्हटल्यावर लपवून ठेवायचं व्हय? शालूबाई म्हणाली, ‘भावजी, गोरीला चिखल चालंल का ओ?’ म्हटलं, ‘आपल्यापेक्षा काळा चिखल हाय तिच्यात!’ बायकांनी तर कुणाच्या शेजारी उभी करायची ह्याच्यावरनं भांडाण काढलं. मी भिंती सारवून घेतल्या, पांढऱ्या केल्या. खुर्चीचं संडास बांधलं, तिला आपल्यासारखं बसाय येत नसंल म्हणून. गाव बघाय आलं हो ते! एकजण नुस्ता बसून गेला. कॉट आणली, लांबडी, बाई उंच हाय म्हणून. आन्... खुट्टीचं इरलं काढलं. पुसलं, सुटलेल्या कामट्या बांधल्या. म्हटलं, तिनं नवऱ्याचा रेनकोट दिला, मी काय प्लॅस्टिकची खोळ देऊ व्हय?

आखाड आला. सगळ्यांची रानं लागून हिरवी झाली, माझं तेवढं चिखल करून उघडं. तरवा म्हणतोय, मला काढा. मी म्हणतोय, थांब बाबा, माणूस यायचंय. रोज स्टँडवर. कोल्हापूरची गाडी आली की मी दाराशी. कंडक्टर म्हणायचा, ‘न्हाय ओ तात्या, सगळी काळीच हायेत आज.’ तरवा पिवळा पडाय लागला. शालूबाई येऊन उभी ऱ्हायली. ‘भावजी, एक बोलू? रोप म्हातारं झालं की रानात रुजत न्हाय. पोराला एक फोन तरी लावा.’

लावला. फोनवर तोंड दिसतंय, पोरगं कंपनीत, हेल्मेट घालून. म्हटलं, ‘उर्सुलाबाई निघाल्या का? कवाच्या इमानानं?’ ‘कुठं निघाल्या आबा?’ ‘अरं, पैऱ्याला! तूच सांगितलंस न्हवं तिला?’ पोरानं मग हेल्मेट काढलं. म्हणालं, ‘आबा... मी तिला तसं न्हवतं सांगितलं. हितं तसं नसतंय. मला... मला लाज वाटली ओ. मी नुस्तं, थँक्यू म्हणत्यात, म्हणून सांगितलं.’

दोन शब्द! तवाच माझ्या ध्यानात यायला पायजे हुतं!

म्हटलं, ‘बरं, ते जाऊंदे. ती एवढं काय बोलत हुती मग?’ तर पोराचा आवाजच उतरला. ‘ती म्हणत हुती, माझा पोरगा रान बघत न्हाय. तुम्ही पुढच्या साली येतो म्हणाला तर मी गाजर लावते. न्हायतर माझ्या एकटीच्यानं आता हुईत न्हाय, जमीन देऊन टाकते. तुम्ही काय ते सांगा, म्हणत हुती.’ मी म्हटलं, ‘मग? लावलं का गाजर?’ ‘न्हाय आबा. दिली जमीन. दुसऱ्याला, करारानं. ह्याच उन्हाळ्यात.’

ऐकताय न्हवं? म्हंजे ती तिकडं माझी वाट बघत बसल्याली, मी हिकडं तिची. दोघंबी कबूल! आन् मधी आमचं हे चिरंजीव, दोन भाषा येत्यात त्येला, दोन!

इचारलं, ‘मला का सांगितलं न्हाईस रं?’ म्हणालं, ‘सांगितलं असतं तर तुम्ही व्हय म्हणाला असता आबा. मग तुमास्नी आणायचं, सोडायचं, व्हिसा, डॉक्टर... मला रजा न्हाय ओ मिळत.’ आन् रडाय लागलं. तिथं, कंपनीत, माणसांच्या म्होरं. आता त्येला काय बोलू मी? लई राग आलता. तोंडावर आलतं सगळं. पर आईबिगरचं पोरगं ते बी, तिकडं एवढ्या लांब, जेवायला कोण इचारत असंल त्येला? म्हटलं, ‘जेवलास का?’ म्हणालं, ‘न्हाय.’ म्हटलं, ‘जेव जा. आन् ऐतवारी उर्सुलाबाईच्यात जायाचं. परसात काय असंल ते भांगलून द्यायचं. मी राबलो ते तिच्यावर, पर तू तिची जमीन घालवलीस, ते आपल्यावर. पैरा म्हंजे पैरा!’

मग तरवा न्हाय ऱ्हायला माझा. अर्धा गेलाच. ऱ्हायलेला लावाय शालूबाई बायका घेऊन आली, मी आडवा आलो. म्हटलं, ‘कुणाच्या पैऱ्यावर? आधीचंच आमच्याकडं हाय तुमचं!’ म्हणाली, ‘हिराच्या.’ म्हटलं, ‘हिराचं तुम्ही वर वसूल करणार हुता न्हवं? नगं. मी हाय अजून खाली.’ आन् इरलं घेतलं डोईवर, धोतर खोचलं आन् उतरलो चिखलात. बायकांच्या रांगंत! मधी, तिच्या जागेवर. एवढ्या मोठ्या मिशा, आन् इरलं! काय हसल्या ओ बायका! हिरा गेल्यापासनं पहिल्यांदाच त्या रानात हसू आलं. आज ह्यांच्या रानात, उद्या त्यांच्या, सगळं पैरं फेडत चाललोय. माझी ओळ नागमोडी जाती, शालूबाई मागनं उपटून परत लावती. कंबर तर म्हणती, गुंडू, ती जर्मनीची गादी कुठाय रं?

परवाच्या ऐतवारी मी चिखलात, आन् फोन वाजला. शालूबाईनं तिच्या हातानं धरला, माझं हात भरल्यालं. बघतो तर उर्सुलाबाई! बारीक झालीया. मागं सम्राट, गुडघ्याला माती लागल्याली. मला लई बरं वाटलं ती माती बघून. बाईनं माझं इरलं बघितलं, आन् उठली, दाराच्या मागं गेली, आन् तो रेनकोट आणून फोनच्या म्होरं धरला. नुस्ता धरला.

मग मी बोललो. सगळं बोललो. हिराचं सांगितलं, रांगंतल्या मोकळ्या जागंचं सांगितलं, कॉट लांबडी हाय म्हणून सांगितलं, स्टँडवर उभा हुतो ते सांगितलं. म्हटलं, बाई, तुमचं गाजर गेलं, माझा तरवा गेला, आता कुणी कुणाच्यात राबायचं ऱ्हायलं न्हाय. तरी या. न्हायतर मी येतो. काम नसलं तरी बसू की बांधावर. बायका सगळ्या वाकायच्या थांबल्या हुत्या. मग म्हटलं, ‘सम्राट, सांग आता. सगळं सांग.’

पोरानं माझ्याकडं बघितलं. तिच्याकडं बघितलं. घसा खाकरला.

आन् दोनच शब्द बोललं ओ!

...असूंदे. आवळ भाषा हाय त्यांची. बसत असंल त्यात सगळं.